ओ द्यायची नाही

अनंतराव पाथ्रीकरांना दिवसातली पहिली किळस सकाळी साडेपाचला यायची. त्या वेळी कालिंदीबाई पोपटाच्या पिंजऱ्यावरचं फडकं काढत, आणि रात्रभर त्याखाली जे काही साठलेलं असे ते एकदम पडवीत मोकळं होई. कुजक्या पेरूचा वास, भिजल्या डाळीचा आंबूस वास, आणि खुद्द पोपटाचा वास. जुन्या कोटाच्या खिशात उंदीर मेला की येतो तसा. हा वास नाकात शिरेपर्यंत अनंतराव एक बरे गृहस्थ असत. पुढे दिवसभर नसत.

मग पिंजऱ्याखालचा पत्रा. त्यावर शेंगांची टरफलं, अर्धवट चघळून थुंकलेली हरभऱ्याची डाळ, आणि हिरव्या-पांढऱ्या घाणीची नक्षी असे. त्या सगळ्याखाली पेपर अंथरलेला असे. तो अनंतरावांनी अजून वाचलेला नसे.

किळस हा तसा त्यांचा जुना विषय. बावीस-तेवीसचे असताना ते निजामाच्या तहसिलीत कारकून म्हणून चिकटले. पोलीस ॲक्शन झाली, हैद्राबाद स्टेट आलं, मग मुंबईचं राज्य, मग महाराष्ट्र. चार सरकारं त्यांनी एकाच टेबलावर बसून पाहिली, आणि फायलींतला ढेकूण चारही राजवटींत तोच होता असं ते सांगत. सहासष्ट सालच्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. ढेकूण अजून नोकरीत आहे.

पोपटाचं नाव राघू. हे नाव सुचायला उमाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, तीन दिवस लागले होते. उमानं त्याला पाच वर्षं मांडीवर खेळवला, शीळ घालायला शिकवला आणि लग्न होऊन नागपूरला निघून गेली. वर्षभरात घरातून एक माणूस गेलं आणि एक माणूस कायमचं घरी येऊन बसलं. या अदलाबदलीत पोपटाचा तोटा झाला. शीळ ऐकणारं कुणी उरलं नाही, आणि जे नवीन माणूस आलं ते आरामखुर्चीत बसून हाका मारायचं.

अनंतरावांना बसल्या जागेवरून हाक मारायची सवय होती. कचेरीत शिपाई होता, घरात कालिंदीबाई. आता बायकोचं नाव घ्यायचं नाही ही रीत, आणि रीत मोडणाऱ्यांतले अनंतराव नव्हते. ते म्हणत, "अगं एऽऽ!" चष्म्यासाठी "अगं एऽऽ", चहासाठी "अगं एऽऽ", खिडकी लावायला, आणि लावलेली खिडकी उघडायला. कालिंदीबाई हातातलं लाटणं हातात घेऊन येत. छत्तीस वर्षं येत होत्या.

दोन महिन्यांत ही हाक राघूनं उचलली. तोच आवाज, शेवटी तोच चढ, आणि हाकेआधीचं ते घशातलं खाकरणंही. फरक एवढाच की राघूला चष्मा नको असायचा. कुणीतरी यावं, इतकंच हवं असायचं. कालिंदीबाई यायच्या, बघायच्या, "मेल्या, तू होय!" म्हणायच्या, आणि आता आलोच आहोत तर म्हणून त्याच्या चोचीत एक शेंगदाणा द्यायच्या. राघूनं या व्यवहारावर विचार केला आणि दिवसाला साठ हाकांवर गेला.

भाद्रपदात एका दुपारी दगडाबाई आल्या.

दगडाबाई म्हणजे घरमालकीण. सिल्लोडकडची कापसाची जमीन मुलाच्या हवाली करून त्या औरंगपुऱ्यातल्या या घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एकट्या राहत. दोन्ही घरांच्या मधे एक भिंत होती, आणि ती ज्यांनी बांधली त्यांनी वीट वाचवली होती.

"अनंतराव," उंबऱ्यातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्सं तुमी इथं हात. म्या कधी काही म्हणलं का?"

"नाही," अनंतराव म्हणाले. खरं तर त्यांनी पुष्कळ म्हटलं होतं, पण ही वेळ नव्हती.

"मग आता म्हणते. भरदुपारी जरा डोळा लागला की पलीकडून गड्याचा आवाज. 'अगं ए!' मी रांडमुंड बाई. परक्या गड्यानं मला दुपारच्याला असं बोलवायचं व्हय?"

"अहो, तो पोपट..."

"मला काय म्हाईत पोपट का कोन? परवा मी झोपंतच 'ओ' दिली. दोन डाव! 'आले आले' म्हणून उठून बसले. माझी मलाच लाज वाटली." त्यांनी पदर घट्ट केला. "दसऱ्यापोत्तर बघते. पाखरू गप झालं तर ठीक, नाय तर त्याला घराबाहेर काढा. नाय काढलं तर मी तुमाला काढीन."

त्या गेल्या. अनंतरावांना फार दिवसांनी बरं वाटलं. पोपट घालवायला ते वर्षभर कारण शोधत होते, आणि कारण स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

"ऐकलंस ना?" ते कालिंदीबाईंना म्हणाले. "आता काय इलाज? लासूरला तात्यांकडे देऊन टाकू. त्यांचं अंगण मोठं आहे."

तात्यासाहेब हे कालिंदीबाईंचे धाकटे भाऊ, लासूर स्टेशनच्या शाळेत हेडमास्तर.

कालिंदीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "देऊ. पिंजरा घेऊन मीच जाईन."

"जा की. संध्याकाळच्या गाडीनं परत ये."

"परत यायचं म्हणत नाही मी. राघू जाईल तिथं मी राहीन."

"एका पाखरासाठी?"

"उमा गेल्यापासून या घरात माझ्याकडं बघून बोलणारा तेवढा एकच आहे. तुम्ही तर पेपरकडं बघून बोलता."

अनंतरावांनी हातातल्या पेपरकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला. कालिंदीबाई छत्तीस वर्षांत कधी रागावल्या नव्हत्या, त्यामुळे त्या रागावल्या की कशा दिसतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे तेच असावं असा त्यांना संशय आला. बाई गेली तर काय, हा विचार त्यांनी पानावर बसल्यावर केला, आणि वरणाची वाटी बाजूला सारून हिशेब मांडला. पोपट गेला तर बाई जाणार, पोपट राहिला तर घर जाणार, आणि घर गेलं की बाई पोपटाला घेऊन लासूरलाच जाणार. कुठूनही हिशेब मांडला तरी उत्तर लासूरच येत होतं. म्हणजे ज्या प्राण्याची त्यांना जगात सर्वांत जास्त किळस येत होती, त्याला माणसात आणणं आता त्यांच्याच गळ्यात होतं.

पहिला इलाज समोरच्या मनकर्णाबाईंनी केला. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं. "नजर लागली हो. एवढं सोन्यासारखं पाखरू. उमाच्या लग्नात शंभर माणसांनी पाहिलंय."

"लग्न होऊन वर्ष झालं," अनंतराव म्हणाले.

"जुनी नजर जास्त चिकट असते."

दिवेलागणीला दृष्ट काढायचं ठरलं. मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मनकर्णाबाई पिंजऱ्यावरून ओवाळू लागल्या. आल्यागेल्याची, भुताखेताची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, असं म्हणताना त्यांनी भिंतीकडे मान झुकवली. पहिल्याच फेरीत राघूनं गजांतून चोच काढून मुठीतली एक मिरची ओढली. दुसऱ्या फेरीत दुसरी. मिरची पोपटाला तिखट लागत नाही. आपल्याला करंजी लागते तशी लागते. सात फेऱ्यांत त्यानं सातही मिरच्या काढून घेतल्या आणि पायात धरून, डोळे अर्धे मिटून, बिया पत्र्यावर उडवत त्या खाल्ल्या.

उरलं ते मीठ आणि मोहरी. ती मनकर्णाबाईंनी शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकली. मोहरी तडतडली. सगळे ठसक्याची वाट पाहत उभे राहिले.

ठसका आला नाही.

"बघा!" मनकर्णाबाईंचा आवाज खाली आला. "ठसका नाही. मिरची जळून ठसका लागला नाही म्हणजे नजर किती जबर असेल!"

"मिरच्या त्यानं खाल्ल्या," अनंतराव म्हणाले.

"स्वतःची नजर स्वतःच खाल्ली मुक्या जिवानं. एका दिवसात उतरायची नाही ही. रोज काढावी लागेल."

रोज काढली. रोज सात मिरच्या, रोज ठसका नाही, आणि रोज नजर जबर असल्याचा पुरावा ताजा. गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. आवडाबाई तर बसायला वेताचा मोडा घेऊन यायच्या. राघूच्या आयुष्यात इतका मोठा दरबार कधी भरला नव्हता. संध्याकाळी सहाची दृष्ट लवकर व्हावी म्हणून तो साडेतीनपासूनच "अगं एऽऽ" सुरू करायला लागला. पलीकडून दगडाबाई भिंतीवर मुसळ आपटायच्या आणि सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मिरच्यांच्या बियांनी अनंतरावांच्या आरामखुर्चीचं कापड लाल ठिपक्यांचं झालं होतं, आणि मिरच्या खाल्लेल्या पोपटाचा पत्रा सकाळी कसा दिसतो हे लिहिण्यासारखं नाही.

आठव्या दिवशी अनंतराव उठले, टोपी घातली आणि छावणीत गफूरखाँ सलोत्र्यांकडे गेले.

सलोत्री म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. निजामाच्या रिसाल्यात घोडे होते तोवर गफूरखाँ घोडे पाहत. घोडे गेले, रिसाला गेला, आणि गफूरखाँ बकऱ्या, कोंबड्या आणि अधूनमधून ओळखीच्या माणसांवर आले. अनंतरावांची आणि त्यांची ओळख तहसिलीपासूनची. ते टांग्यातून आले, पडवीत मोड्यावर बसले, आणि तासभर काहीच बोलले नाहीत. नुसते बघत होते.

त्या तासाभरात राघूनं अकरा वेळा "अगं एऽऽ" केलं. कालिंदीबाई अकरा वेळा आल्या. अनंतरावांनी चहासाठी, पानाच्या डब्यासाठी आणि सलोत्र्यांना पंखा देण्यासाठी तीन वेळा "अगं एऽऽ" केलं. कालिंदीबाई तीन वेळा आल्या.

"रावसाब," शेवटी गफूरखाँ म्हणाले, "परिंदे कू कुच नै हुआ. भला-चंगा है. मिर्ची खाको मोटा हो गया."

"तो चिल्लाता कायकू?"

"तुम कायकू चिल्लाते?"

अनंतरावांना हा प्रश्न वैद्यकीय वाटला नाही.

"देखो," गफूरखाँ म्हणाले, "चिल्लाया तो कोई आता. बस, इत्ताच हिसाब है उस्का. अब चिल्लाया तो जाना नक्को, देखना नक्को, बोलना नक्को. फडका डालना नक्को, गाली बी नक्को. गाली बी उस्कू मेहमाननवाजी लगती. चुप बैठा, सीटी मारा, हौलू बोला, तो फौरन जाना, बात करना, पेरू खिलाना. घर में सब एक होके करना. एक ने बी 'ओ' दिया तो गया काम."

"मग सोपं आहे," कालिंदीबाई दाराआडून म्हणाल्या. "पण खाँसाहेब, मला कळणार कसं, पक्षी बोलावतोय का हे बोलावतायत? दोघांचा आवाज एकच."

गफूरखाँनी अनंतरावांकडे पाहिलं. अनंतरावांनी छताकडे पाहिलं.

"तो रावसाब कू बी बंद करना पडेगा," गफूरखाँ म्हणाले. "ये 'अगं ए' इस घर में कोईच नै बोलना."

"मग मी हिला बोलवायचं कसं?"

"नाम से."

अनंतरावांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

"नाव?" अनंतराव म्हणाले. "आमच्यात घेत नाहीत."

"तुम्हीच ठेवलंय," दाराआडून आवाज आला. "लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतंत. त्यानंतर वापरलं नाहीत."

"नै तो उठ के अंदर जाव," गफूरखाँ म्हणाले. "चूल तक चल के जाना, कान में बोलना. घोडे कू बी हम ऐसाच शिकाते थे." आणि टांग्यात बसताना त्यांनी शेवटची सूचना दिली, "पैले आठ दिन और जोर से चिल्लाएगा. दुकान बंद दिखी तो गिऱ्हाईक पैले दरवाजा ठोकता. दुकान खोलना नक्को."

गिऱ्हाइकानं दरवाजा नुसता ठोकला नाही, उखडला. साठच्या दोनशे हाका झाल्या. राघू गजांना उलटा लटकून हाका मारी. कालिंदीबाईंनी कानात कापसाचे बोळे घातले, ओठ मिटले आणि सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. त्या आठवड्यात घरातला भात इतका स्वच्छ होता की त्याला चव नव्हती. मनकर्णाबाईंना आणि आवडाबाईंना दाराशीच थोपवावं लागलं. राघूनं पाण्याची वाटी उलटी केली, डाळीची वाटी फेकली, आणि एके दिवशी चघळलेल्या पेरूचा गोळा नेम धरून अनंतरावांच्या धोतरावर टाकला. तो ओला होता, कोमट होता आणि त्यात बिया होत्या. अनंतरावांनी वर पाहायचं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं नाही. चार सरकारांच्या नोकरीत त्यांना याहून अवघड काही करावं लागलं नव्हतं.

आणि भिंतीपलीकडून दगडाबाई प्रत्येक हाकेला शिवी देत होत्या. सलोत्र्यांच्या हिशेबानं ती ओ देण्यासारखीच होती. राघू हाक मारी, कान देऊन थांबे, शिवी आली की पिसं फुलवी, आणि पुढची हाक मारी. म्हणजे भिंतीपलीकडे दुकान उघडंच होतं.

अनंतराव दगडाबाईंकडे गेले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी," दगडाबाई म्हणाल्या, "त्यानं वरडायचं, आन् मी गप बसायचं?"

"हो."

"झोप माझी मोडली, आन् शिव्या बी मीच गिळायच्या?"

"दसऱ्यापर्यंतच."

"आन् मुसळ?"

"मुसळसुद्धा नको."

दगडाबाईंनी त्यांच्याकडे ज्या किळसेनं पाहिलं, त्या किळसेनं आजवर फक्त अनंतरावच पोपटाकडे पाहत आले होते. "बरं," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापोत्तर. पर मनात देणार."

"मनात द्या."

इकडे अनंतरावांचा स्वतःचा इलाज चालू होताच. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीतून रस्ता पाहिला, कुणी नाही अशी खात्री केली, आणि म्हणाले, "कालिंदी!" ते कोर्टात साक्षीदाराचा पुकारा होतो तसं निघालं. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारा केला. कुणी आलं नाही. ते उठले, आतल्या दारापाशी गेले आणि हळू म्हणाले, "कालिंदी."

"काय?" कालिंदीबाईंनी लगेच मागे वळून विचारलं, त्यांच्या तोंडाकडे बघत.

काय हवं होतं ते अनंतराव विसरले होते.

हा प्रकार त्यांना अतिशय ओंगळ वाटला. चहासाठी चालत स्वयंपाकघरात जायचं, तिथे बायकोचं नाव घ्यायचं, आणि वर ती बघत असताना बोलायचं. आणि वाईट म्हणजे, मोठ्यानं हाक मारली की खरंच चहा येत नव्हता. ते कालिंदीबाईंना म्हणालेही, "मी पोपट आहे का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "त्याला दहा दिवसांत कळलं."

खरंच कळलं होतं. दहाव्या-अकराव्या दिवशी राघूच्या हाका ओसरल्या. एका दुपारी तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्यानं उमाची जुनी शीळ घातली, दबकत, एकदाच. कालिंदीबाई सूप टाकून धावल्या. पेरू, शेंगदाणा, गप्पा, डोकं खाजवणं. दुसऱ्या दिवशी चार वेळा शीळ, तिसऱ्या दिवशी दहा वेळा. "अगं ए" दिवसाला दोनवर आलं, मग एकावर, आणि मग एके दिवशी नव्हतंच. त्या दिवशी अनंतरावांना चैन पडेना. अर्ध्या दुपारी ते उठून पिंजऱ्यापाशी गेले, प्राणी मेला की काय ते बघायला.

मेला नव्हता. अनंतरावांना पाहून तो गजांशी सरकला, मान दोन-तीनदा वर-खाली केली, आणि गजावर ठेवलेल्या त्यांच्या बोटावर पोटातून वर काढलेली, अर्धी पचलेली, लिबलिबीत हरभऱ्याची डाळ प्रेमानं ठेवली.

"अगं..." अनंतराव ओरडले, आणि पुढचं गिळून, तसंच बोट पुढे धरून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. "कालिंदी," ते हळू म्हणाले, "हे काय आहे?"

कालिंदीबाईंनी बोट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई! भरवलं त्यानं तुम्हाला! जोडीदारालाच भरवतात तसं. जीव लावला हो त्यानं तुमच्यावर."

अनंतरावांनी अकरा वेळा हात धुतले, दोनदा राखेनं. रात्री जेवताना त्यांनी तो हात वापरला नाही.

दसऱ्याला चार वाजता दगडाबाई आपट्याची पानं घेऊन आल्या. सोनं दिलं, घेतलं, आणि मग त्यांनी पदर खोचला आणि पिंजऱ्यासमोर जाजमावर मांडी घालून बसल्या. "बघू," त्या म्हणाल्या.

राघू बसला होता. अनंतराव बसले होते. एक हाक, आणि लासूरची गाडी. कालिंदीबाई आत गेल्या होत्या. मुद्दाम, म्हणजे त्याला हाक मारायची तर मारू दे. पाच वाजले. राघूनं एक पाय पोटाशी घेतला. साडेपाच वाजले. राघूनं एक पीस चोचीत धरून साफ केलं. दगडाबाईंनी जांभई दिली, मग जरा पुढे सरकल्या, मग गजांवर बोटानं टकटक केलं.

"बोल की रे मुडद्या."

राघूनं दुसरं पीस चोचीत धरलं.

"आता का दातखीळ बसली का? भाद्रपदात लई चुरुचुरु करत होतास." त्यांनी आपट्याचं पान गजातून आत सारलं. "वरड की! हाक मार की मला!"

राघूनं पान हुंगलं आणि खाली टाकलं.

दगडाबाई मागे सरकून बसल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. "असलं मुकं पाखरू ठिवून काय करता?" त्या म्हणाल्या. "खरं सांगू का अनंतराव? दुपारच्याला आता झोपच लागंना. आदी कसं, कुणी हाक मारायचं, मी चार शिव्या घालायची, डोस्कं हलकं व्हायचं, मग गाढ झोपायची. आता पडून ऱ्हाते न् आढं बघते. भिंत बी मुकी झाली."

"म्हणजे पोपट राहू द्यायचा ना?" अनंतरावांनी विचारलं.

"ऱ्हाऊं द्या. कुनाच्या अध्यात ना मध्यात." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पर हप्त्यातून एखादा डाव तरी सोडा त्याला. लहानशी हाक. मी बी लहानशीच शिवी देईन."

"नाही, दगडाबाई," आतून कालिंदीबाई म्हणाल्या, शांतपणे, पण अशा की दगडाबाईंचा हात पदरावरच थबकला. "एकदा ओ दिली की पुन्हा सगळं पहिल्यापासून."

दगडाबाई गेल्या. अनंतरावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की राघूनं मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. पोपट राहिला, घर राहिलं, बाई राहिली. त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन, आवाज चढू न देता, सांगितलं, "कालिंदी, झालं. राहिलं सगळं."

"हो ना," कालिंदीबाई म्हणाल्या. त्या एका पिशवीत लुगडी घालत होत्या. "मी उद्या सकाळच्या गाडीनं लासूरला जाते. दिवाळीच्या आधी येईन."

अनंतरावांना वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. "अगं, पण तो राहतोय ना इथे! काढायचा नाही म्हणाल्या त्या!"

"म्हणूनच तर. नऊ वर्षांत माहेरी चार दिवस राहिले नाही मी. आधी पाय कसा निघेल? बाहेरच्या दारापर्यंत जायची, की मागून कुणीतरी हाक मारणार. मग हाक तुमची असो का त्याची." त्यांनी पिशवीचे बंद बांधले. "आता घर गप्प आहे. आता जाता येतं."

सकाळी टांगा दारात आला. कालिंदीबाईंनी पिंजऱ्यात हात घालून राघूचं डोकं खाजवलं आणि अनंतरावांना सगळं सांगितलं. डाळ रात्री भिजत घालायची, पाणी दोनदा बदलायचं, पत्रा रोज धुवायचा, आणि ओरडला तर अजिबात बघायचं नाही.

"आणि मी ओरडलो तर?" अनंतरावांनी विचारलं. त्यांना ते थट्टेनं म्हणायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

"तर तोही बघायचा नाही," कालिंदीबाई टांग्यात चढत म्हणाल्या. "तो शिकलाय आता."

टांगा गुलमंडीच्या वळणावर दिसेनासा झाला. अनंतराव पडवीत आले. पिंजऱ्याखालच्या पत्र्यावर रात्रीचं सगळं जसंच्या तसं होतं: टरफलं, बिया, ओला पेपर, आणि त्या पेपरात कालपासून वाचायची राहिलेली बातमी, जिच्या मधोमध राघूनं आपलं मत दिलं होतं. वास येत होता. अनंतरावांनी नाकाला उपरणं लावलं आणि केरसुणी शोधायला आत गेले. ती दाराआड नव्हती, मोरीत नव्हती, फडताळामागेही नव्हती. छत्तीस वर्षांत ती कुठे असते हे त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं, आणि आता विचारायला ते अगदी हळू, नाव घेऊन, चुलीपर्यंत चालत जायला तयार होते.